भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाड : नूतन बाल शिक्षण संघाची शंभर वर्षे

संस्थांचे इतिहास बहुधा कोनशिलेपासून सुरू होतात. नूतन बाल शिक्षण संघाच्या बाबतीत कोणती कोनशिला धरायची, हाच पहिला प्रश्न पडतो. १९२६ साली सौराष्ट्रातल्या भावनगरला संघाची स्थापना झाली. दहा वर्षांनी त्याचे काम मुंबईत दादरला रुजले. १९४५ साली ते डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी गेले आणि १९५७ साली तिथून काही मैल आत, कोसबाडच्या टेकडीवर. संस्था नावारूपाला आली की सहसा शहराकडे सरकते. ही मुंबईत पाय रोवल्यावर खेड्याकडे निघाली आणि खेड्यातून आदिवासी पाड्यावर गेली. तिला हलवले ते वर्गात न आलेल्या मुलांनी. हजेरीपटावर कोणाची नावे नाहीत आणि ती का नाहीत, याचा ज्या ज्या वेळी कोणी मनापासून शोध घेतला, त्या त्या वेळी संघाचा पत्ता बदलला.

सुरुवात झाली ती एका वकिलाच्या घरी. गिजुभाई बधेका सौराष्ट्रात वढवाणला वकिली करत. त्याआधी नशीब काढायला पूर्व आफ्रिकेतही जाऊन आलेले. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. त्याला कसे वाढवावे, याची चौकशी करता करता ते वसो या गावी मोतीभाई अमीन यांच्याकडे पोचले आणि मोतीभाईंनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवरचे पुस्तक त्यांच्या हाती ठेवले. बापाने हौसेने वाचलेल्या त्या पुस्तकाने वकिलाचा शिक्षक केला. १९१६ साली गिजुभाई वकिली गुंडाळून नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर काढले. दोन वर्षांनी भावनगरच्या तख्तेश्वर टेकडीवर बालमंदिराची वास्तू उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबांच्या हातून झाले.

शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसाठी शाळा, ही कल्पनाच त्या काळी लोकांना विक्षिप्त वाटत होती. सहा वर्षांचे होईपर्यंत मूल घरात लुडबुडायचे आणि मग पाटी घेऊन छडीच्या राज्यात जायचे. बालमंदिरात छडी नव्हती, बक्षिसेही नव्हती. मुले स्वतः जेवण वाढायची, भांडी घासायची, बागेला पाणी घालायची. गोष्टी ऐकायची, नाटके करायची. झुपकेदार मिशांचा हा पुरुष दिवसभर मुलांत बसलेला पाहून गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई असे नाव दिले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मराठी शिक्षकांच्या कपाटातही आढळते. कपाटातून बाहेर ते किती वेळा येते, हा वेगळा विषय.

१९२३ साली या बालमंदिरात ताराबाई मोडक दाखल झाल्या. माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींनी शिकावे की नाही यावर घरात वाद घालावा लागला नाही. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीच्या एका वकिलांशी लग्न झाले. ते टिकले नाही. मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापिका म्हणून काम करू लागल्या. पदवीधर, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, मुलीला एकटीने वाढवणारी बाई : त्या काळचा समाज तिच्याविषयी काय काय बोलला असेल याची कल्पना करता येते. मानाची नोकरी हातात असताना त्या भावनगरला आल्या, गुजरातीत लिहू लागल्या आणि गिजुभाईंबरोबर त्यांनी मुलांसाठी, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी पुस्तकांची रांगच उभी केली.

तीन वर्षांनी दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. एका गावातले एक बालमंदिर पुरे पडणार नाही, हा विचार गावोगाव पोचला पाहिजे, हा हेतू. हत्यार होते छापील. ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत निघाली. मराठी पत्रिका १९३३ पासून ताराबाईंनी चालवली, हिंदीची बाजू काशिनाथ त्रिवेदी यांनी सांभाळली. एकाच विषयावर तीन भाषांत मासिक चालवणारी माणसे आणि त्यांच्या हाताशी असलेला पैसा यांचा मेळ कधीच बसत नसणार. पण पत्रिकेने एक काम पक्के केले. आईबापांना आणि प्राथमिक शिक्षकांना बालशिक्षण हा चर्चेचा विषय वाटू लागला.

तरीही मूळ अडचण जागेवरच होती. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. गुळगुळीत लाकडाचे ठोकळे, दट्ट्यांचे संच, आवाजाच्या पेट्या. ठरल्या मापाने आणि ठरल्या दर्जाने बनवलेल्या. ज्या घरातून फी येत होती, त्याच घरातली मुले त्या ठोकळ्यांशी खेळत होती. गंमत अशी की माँटेसरीबाईंनी रोममध्ये आपले पहिले बालगृह १९०७ साली काढले होते ते सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत. हिंदुस्थानात येईपर्यंत ती पद्धत बंगल्यात राहायला गेली होती. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींची आणि माँटेसरीबाईंची भेट झाली. तिथल्या भाषणातही गांधीजींचा रोख याच गोष्टीवर होता : हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांप्रमाणे कंगालांच्या मुलांनाही मिळेल का?

ताराबाईंच्या डोक्यात तो प्रश्न घर करून बसला होता. पण त्याचे उत्तर शोधण्याआधी त्यांना मुंबईत जावे लागले. १९३६ साली दादरला ‘शिशुविहार’ सुरू झाले. भावनगरची रोपे दादरच्या मातीत चांगलीच रुजली. मध्यमवर्गीय मराठी घरांनी बालमंदिर आपलेसे केले, शिक्षिका तयार होऊ लागल्या, त्यांनी दुसरीकडे वर्ग काढले. १९३९ च्या जूनमध्ये गिजुभाई वारले. ताराबाईंनी मनात आणले असते तर दादरचा व्याप वाढवत उरलेले आयुष्य सन्मानाने घालवता आले असते, आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती.

त्या त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीला गेल्या.

बोर्डी हे समुद्रकाठचे, चिकूच्या वाड्यांचे गाव. जवळचे स्टेशन घोलवड. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे शाळा, वाचनालय, खादी या गोष्टी तिथे परक्या नव्हत्या. १९४५ साली संघाचे ग्राम बाल शिक्षा केंद्र तिथे सुरू झाले. गांधीजींनी नई तालीमची कल्पना शालेय वयाच्या अलीकडे आणि पलीकडे ताणायला सुरुवात केली होती, त्याला हे धरूनच होते. पण त्या सालाचा दुसरा संदर्भ विसरून चालणार नाही. मे १९४५ मध्ये याच टापूत, झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगड्याच्या प्रथेविरुद्ध लढा उभारला. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबायचे, असा तो प्रकार. संघाने जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न कधी हाती घेतला नाही. तो त्याचा प्रांत नव्हता. पण स्वतःच्या अंगमेहनतीवर ज्याचा हक्क नाही, तो बाप आपले मूल शाळेत पाठवायचे ठरवणार कसा? बालशिक्षणाच्या इतिहासात लाल बावट्याचा उल्लेख सहसा येत नाही. इथे तो यायला हवा.

बोर्डीला ताराबाईंना जी सहकारी मिळाली तिच्यावाचून पुढचा इतिहास घडला नसता. अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. पुढे वर्गात पहिली येणारी मुलगी, मग प्राथमिक शिक्षिका. आधी चांदवडला, नंतर पुण्यात हुजूरपागेत. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी नोकरी सांभाळून, रात्रशाळेत शिकून १९३७ साली दिली. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. वयाने अठरा वर्षांनी मोठ्या ताराबाईंना ग्रामीण बालशिक्षणासाठी माणूस हवे होते. अनुताई पुण्याची कायम नोकरी सोडून बोर्डीला आल्या. बी. ए. ची पदवी त्यांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ साली मिळवली, म्हणजे कोसबाडला स्वतः शाळा चालवत असताना.

दोघींचे स्वभाव निराळे. ताराबाई विचार करणाऱ्या, मांडणी करणाऱ्या. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. अनुताई रोजच्या कामात गाडून घेणाऱ्या. त्यांच्या लेखनात सिद्धांत कमी आणि मुलांचे शेंबडे चेहरे जास्त दिसतात, आणि त्यामुळेच ते वाचनीय आहे.

बोर्डीला गावाच्या मध्यावर बालवाडी सुरू झाली आणि लगेच लक्षात आले की गरीब वस्तीतली मुले गावाच्या मध्यापर्यंत येतच नाहीत. काहींना अंतर, काहींना कपडे, काहींना जात आडवी येत होती. स्पृश्यांच्या पोरांशेजारी दलितांचे मूल बसवणे १९४५ सालच्या कोकणपट्टीत सोपे नव्हते, बोर्डीसारख्या जागत्या गावातही. मग केंद्राने दोन तऱ्हा केल्या. एक मध्यवर्ती बालवाडी. दुसरी अंगण बालवाडी : शिक्षिकेने स्वतःच वस्तीत जायचे, एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण मागायचे आणि तिथेच मुले गोळा करायची. आईच्या नजरेसमोर, ओळखीच्या झाडाखाली. भाडे नाही, बाके नाहीत, दार नाही.

अंगणातल्या बालवाडीचा पहिला धडा अक्षरांचा नसायचाच. मुलांना आंघोळी घालायच्या, नखे काढायची, केस विंचरायचे, डोळे आलेले असतील तर औषध घालायचे. मग गाणे, मग गोष्ट, मग खेळ. शहरातल्या बालमंदिरात ‘स्वच्छता’ हा पाठाचा एक भाग होता. इथे तो जवळजवळ सगळा पाठ होता. शेजारी उभ्या राहून बघणाऱ्या आया पाहता पाहता शिकत, हा आणखी एक फायदा. पालकसभा भरवायला नको, पालक समोरच.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. लहानमोठे दगड, शंखशिंपले, चिंचोके, झाडांची पाने, काटक्या, माती. आकार, रंग, क्रम, वजन, आवाज यांची ओळख करून देण्यासाठी परदेशी ठोकळ्यांची गरज नव्हती. वाळलेली शेंग हलवली की तिचाही खुळखुळा होतो. माँटेसरीबाईंच्या शास्त्राचा गाभा ठेवायचा आणि साधने परिसरातून उचलायची, हे ताराबाई-अनुताईंचे भारतीय बालशिक्षणाला मोठे देणे आहे. माँटेसरी संप्रदायातल्या कट्टर मंडळींना ही मोकळीक रुचणारी नव्हती. पण ज्या गावात मिठालाही पैसे जमवावे लागतात तिथे आयात केलेल्या पेट्या घेऊन जाणे हीच खरी पाखंडी कल्पना म्हणायला हवी.

बोर्डीचे बारा वर्षांचे काम मार्गी लागले असताना संघाने मुक्काम हलवला. कारण पुन्हा तेच. किनाऱ्यावरच्या गावात बालवाडी चालत होती, पण आतल्या डोंगराळ पट्ट्यातला वारली, कोकणा, दुबळा, मल्हार कोळी समाज तिच्या कक्षेबाहेर होता. १९५७ साली कोसबाडला काम सुरू झाले. गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतीसंस्था त्या टेकडीवर होती, त्यामुळे अगदीच रानात तंबू ठोकावा लागला नाही. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या.

कोसबाडच्या पाड्यांवर बोर्डीचा अनुभव कामाला आला, पण पुरला नाही. पाडा म्हणजे विखुरलेली घरे. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर. पावसाळ्यात भाताची आवणी, मग कापणी, नंतर मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत कापायची मजुरी, उन्हाळ्यात जंगल आणि खावटीचे कर्ज. या चक्रात मूल हे घरातले कामाचे माणूस. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या हाती गुरांची काठी यायची आणि तेवढ्याच पोरीच्या काखेत धाकटे भावंड. ओढ्यात खेकडे धरायचे, लाकडे आणायची, हे वेगळेच. सकाळी अंगण बालवाडीत आनंदाने नाचणारे मूल सहा वर्षांचे झाले की गायब व्हायचे. त्याला ‘शाळाबाह्य’ म्हणणारे सरकारी तक्ते त्या काळी नव्हते. असते तरी त्यांनी दोष मुलालाच दिला असता.

ताराबाईंनी दोष वेळापत्रकाला दिला. मूल गुरे सोडून येऊ शकत नसेल तर शाळेने गुरांपाठोपाठ जावे. यातून कुरणशाळा निघाली. शिक्षक झोळीत पाट्या, खडू, चित्रे घेऊन कुरणावर जायचा. गुरे चरत असताना मुले पांगलेली, ती सावलीला बसली की वर्ग. मोजायला गुरे, झाडे, दगड. विज्ञानाला आजूबाजूचे रान. भूगोलाला समोरचा ओढा आणि तो जातो तो समुद्र. मध्येच एखादी गाय कुणाच्या शेतात शिरली की विद्यार्थी उठून पळणार, आणि त्याबद्दल शिक्षकाने रागवायचे नाही, कारण ती त्याची जबाबदारी आहे. या प्रयोगावर ताराबाईंनी पुस्तिका लिहिली आणि शिक्षणवर्तुळात तिची चर्चा झाली. कुरणशाळा सगळीकडे निघाल्या असे मात्र घडले नाही. शिक्षकाकडून ती फार मागते : उन्हात चालायची तयारी, ठरावीक तासांचा आधार सोडण्याची तयारी आणि गुराख्याच्या पोराच्या वेळेला आपल्या वेळेइतकीच किंमत देण्याची तयारी.

मुलींचा प्रश्न कुरणाने सुटणारा नव्हता. भावंड सांभाळणारी मुलगी शाळेत यायची असेल तर भावंडाची सोय शाळेतच करायला हवी. म्हणून ‘विकासवाडी’ : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई चौथीच्या वर्गात, मधला बालवाडीत, तान्हे पाळण्यात. मधल्या सुटीत ताईने पाळण्यात डोकावून यायचे. वरवर पाहता ही नुसती सोय. पण तिच्यात एक शैक्षणिक फायदा दडलेला होता. बालवाडीतले मूल रोज पहिलीचा वर्ग बघत मोठे होई. पहिलीच्या पहिल्या दिवशी रडारड नाही. लहान मुलांच्या मोकळ्या पद्धतीचा वारा प्राथमिकच्या शिक्षकांनाही लागे. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग आणि शिक्षिकांसाठी प्रशिक्षण, अशी केंद्राची पुढची शाखा-पालवी फुटत गेली. कोसबाडला शिकलेल्या बालवाडी शिक्षिका महाराष्ट्रभर पांगल्या, आणि एखाद्या तालुक्याच्या गावी दगड-शिंपल्यांनी भरलेली टोपली दिसली की तिचे मूळ बहुधा या टेकडीवर सापडे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरातले ३३ प्रकल्प ही पहिली खेप. सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा वस्तीतल्याच केंद्रात. केंद्राचे नाव अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डी-कोसबाडच्या अंगणातून निघालेली कल्पना एवढी पसरली, हे संघाच्या इतिहासातले सर्वात मोठे पान म्हणावे लागेल.

ते पान नुसते कौतुकाने वाचणे मात्र बरोबर नाही. सरकारने कोसबाडला न जमलेली एक गोष्ट केली : रोजचा आहार दिला. स्वयंसेवी संस्थेच्या तुटपुंज्या पैशात ते कधीच शक्य नव्हते. पण सहा सेवांच्या यादीत आहार पुढे सरकला आणि खेळ-गाणी मागे पडली. सेविकेच्या हाती वजनकाटा आला, पातेले आले, नोंदवह्या आल्या. नंतर मोबाइलमधले अॅपही आले. गाणे म्हणायला वेळ उरेना. तिच्या कामाचा मोबदलाही वेतन म्हणून दिला गेला नाही, मानधन म्हणून दिला गेला. गुजरातमधल्या दाहोदच्या सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला, तोवर योजनेला ४६ वर्षे झाली होती. कोसबाडची शिक्षिकाही श्रीमंत नव्हती, पण ती स्वतःला शिक्षिका समजत होती आणि पाडाही तिला ‘बाई’ म्हणत होता.

ताराबाईंच्या मागे कोसबाडचा भार अनुताईंनी उचलला. केंद्र, पत्रिका, लेखन आणि महाराष्ट्रभरचा प्रवास. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन आणि ‘बालवाडी कशी चालवावी’ हे हातपुस्तक यांनी नव्या पिढीच्या शिक्षिका घडवल्या. पहिल्याने ओढ लावली, दुसऱ्याने काम शिकवले. डहाणूत मूकबधिर मुलांच्या शिक्षणाचीही त्यांनी सोय केली. १९८२ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी रमेश पानसे यांच्या साथीने ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था काढली आणि डहाणू तालुक्यातल्याच ऐने परिसरात आदिवासी मुलांसाठी काम उभे राहिले. ग्राममंगलने पुढे बालशिक्षणाच्या प्रयोगांची आणि प्रशिक्षणाची धुरा वाहिली. अनुताईंना १९८४ साली पद्मश्री आणि १९८५ साली जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. बोर्डीपासून मोजली तर सत्तेचाळीस वर्षे त्यांनी या एका तालुक्याला दिली.

त्याच १९९२ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, दौरे झाले, योजना जाहीर झाल्या. कोसबाडपासून जव्हार दूर नाही. बालशिक्षणाचा नावाजलेला प्रयोग आणि भुकेने मरणारी मुले एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदत होती, ही नोंद इथे केली नाही तर इतिहास अर्धा राहील. कोसबाडने मूल आनंदाने शिकू शकते हे दाखवून दिले होते. त्या मुलाच्या घरी दोन्ही वेळा पेज शिजेल, याची हमी कोणतीही बालवाडी देऊ शकत नव्हती. ती जमीन, मजुरी आणि रेशन यांची बाब होती, आणि आहे.

संघाची परंपरा सांगताना संघाबाहेरची कामेही आठवतात. जव्हार-मोखाड्याकडची आणि आसपासची कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरे बरोबर नेतात. नव्वदच्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्ट्यांवरच या मुलांसाठी भोंगाशाळा उभ्या केल्या. भट्टीवरच्या कुटुंबाच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, तशाच झोपडीत शाळा. ‘जनार्थ’ या संस्थेने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याच्या तळावर साखरशाळा चालवल्या. या मंडळींनी कुरणशाळेची पुस्तिका वाचली होती की नाही, याने फारसा फरक पडत नाही. मूल जिथे कामाला लागले तिथे वर्ग नेण्याची ही तीच रीत.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि कोसबाडचा पत्ता पुन्हा एकदा बदलला, या वेळी जागा न हलता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे वयाचा एक सलग पायाभूत टप्पा मानला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. विकासवाडीच्या आवारात हे दोन टप्पे १९५० च्या दशकापासून शेजारी शेजारी नांदत होते.

कायद्याचे तेवढे व्हायचे आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाच्या मुलांना. सहा वर्षांखालच्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे कलम ४५ म्हणते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम ११ नुसार तीन वर्षांवरच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची मोफत व्यवस्था शासन करू शकते. करू शकते, केलीच पाहिजे असे नाही. ज्या वयाच्या मुलांसाठी १९२६ साली संघ निघाला, त्या वयाचे मूल पाड्यावर शिकले नाही तर त्याच्या आईला त्याबद्दल आजही कोणत्या कचेरीत दाद मागता येत नाही.